योहान्नेस ट्रिथेमियस: जादूगार म्हणून बदनाम झालेला मठाधिपती वाचायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा होता: ट्रिथेमियस नक्की कोण? भुताखेतांना बोलावणारा साधू, सांकेतिक लेखनाचा जनक, की खोटा इतिहास लिहिणारा थापाड्या? आणि त्याचं लेखन वाचायचं तर सुरुवात कुठून करावी, विश्वास कशावर ठेवावा?

आधी निकाल सांगतो, मग तपशील. तिन्ही आरोपांत तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या पुस्तकांना लागू पडतात. त्याच्या लेखनाचे सरळ दोन भाग पाडा. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून बघता येतं ते एक, आणि ‘मी अमुक जुनं हस्तलिखित पाहिलंय’ एवढ्या शब्दावर मान्य करावं लागतं ते दुसरं. पहिल्या भागात तो अक्षर न अक्षर खरा उतरतो. दुसऱ्या भागात त्याचा एकही आधार स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच्याबद्दलचे बहुतेक गोंधळ या दोन भागांची सरमिसळ केल्यामुळे झालेत.

चरित्र लांब नाही. जन्म १ फेब्रुवारी १४६२, जर्मनीत मोझेल नदीकाठच्या ट्रिटेनहाइम गावात. आडनावासारखं वापरलेलं ‘ट्रिथेमियस’ हे गावावरूनच आलं. वडील तो तान्हा असतानाच गेले. आईने दुसरं लग्न केलं आणि सावत्र बापाला पोराचं शिकणं मंजूर नव्हतं. त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण चोरून झालं आणि पुढे घर सोडून त्रिअर, कोलोन, हायडेलबर्ग असं फिरत झालं. १४८२ च्या हिवाळ्यात हायडेलबर्गहून गावाकडे जाताना बर्फाच्या वादळात सापडला आणि बाट क्रॉइत्सनाखजवळच्या श्पोनहाइमच्या बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टची नियमावली पाळणाऱ्या) मठात आसऱ्याला थांबला, तो तिथलाच झाला. जुलै १४८३ मध्ये तो मठाधिपती होता. वय २१.

एवढ्या कोवळ्या पोराला हे पद का मिळालं, असं वाटणं साहजिक आहे. तेव्हाचं श्पोनहाइम म्हणजे गरीब, पडझड झालेला, मोजकेच साधू असलेला मठ. हा मान नव्हता, ओझं होतं. मठ बुर्सफेल्ड नावाच्या सुधारणावादी मठसंघात होता. त्या संघात एका मठाच्या प्रमुखाने दुसऱ्या मठांची तपासणी करायला जाण्याची पद्धत होती, आणि हे काम ट्रिथेमियसकडे वारंवार आलं. त्याच्या ग्रंथसंग्रहाचं मूळ इथे आहे. तपासणीला गेलेल्या मठात कुणी न वाचणारी, कुणाला न कळणारी पुस्तकं धूळ खात पडलेली असत. तो ती विकत घ्यायचा किंवा छापील प्रतींच्या बदल्यात मागून घ्यायचा. तो आला तेव्हा श्पोनहाइममध्ये पन्नाससुद्धा पुस्तकं नव्हती. १५०५ पर्यंत सुमारे २००० झाली, त्यांत ग्रीक आणि हिब्रूही. आल्प्सच्या उत्तरेला त्या काळात असे संग्रह फार थोडे होते. ते बघायला विद्वान लांबून येत.

याचा शेवट मात्र कटू झाला. पुस्तकांवरचा खर्च, मठाधिपतीची कडक शिस्त आणि त्याचे सततचे दौरे याला साधू कंटाळले. १५०५ मध्ये तो बाहेर असताना मठात त्याच्याविरुद्ध उठाव झाला. तो परतलाच नाही. काही काळ बर्लिनला ब्रांडेनबुर्गच्या राजपुत्राकडे राहिला, आणि ऑक्टोबर १५०६ मध्ये वुर्झबुर्गच्या संत याकोब मठाचा प्रमुख झाला. हा मठ श्पोनहाइमहूनही लहान. पुस्तकं मागेच राहिली आणि पुढे पांगली. ही पांगापांग लक्षात ठेवा, कारण ‘ते हस्तलिखित श्पोनहाइमला राहिलं’ ही सबब त्याला नंतर फार उपयोगी पडली. १३ डिसेंबर १५१६ ला वुर्झबुर्गमध्येच तो वारला. त्याच्या थडग्यावरचं शिल्प टिलमान रीमेनश्नायडर या शिल्पकाराच्या कार्यशाळेतलं आहे. ते आता त्याच शहरातल्या नॉयम्युन्स्टर चर्चमध्ये बघायला मिळतं.

आता लेखन. सगळ्यात जास्त उद्धृत होतं आणि सगळ्यात चुकीचं वाचलं जातं ते ‘लेखनिकांची स्तुती’, म्हणजे ‘दे लाउदे स्क्रिप्तोरुम’. १४९२ मध्ये डॉइत्सच्या मठाधिपतीसाठी लिहिलेलं. त्यातलं एक विधान सगळीकडे फिरतं: चर्मपत्रावर लिहिलेलं हजार वर्षं टिकेल, कागदावर छापलेलं दोनशे वर्षं टिकलं तरी पुष्कळ. यावरून तो छपाईचा शत्रू होता असा निष्कर्ष काढतात. पण हेच पुस्तक त्याने १४९४ मध्ये माइन्झला छापून घेतलं! त्याची इतर पुस्तकंही त्याच गावच्या पेटर फॉन फ्रिडबेर्ग या मुद्रकाने छापली. म्हणजे छपाईचा उपयोग त्याला नेमका माहीत होता.

मग स्तुती कशासाठी? ती वाचकासाठी नाही, साधूंसाठी आहे. बेनेडिक्टच्या नियमात अंगमेहनत सक्तीची होती आणि मठातली सर्वांत सोयीची अंगमेहनत म्हणजे पुस्तकं उतरवणं. छपाईने तीच काढून घेतली तर साधूंनी करायचं काय, ही त्याची चिंता. त्याच्या उपदेशात कामाची वाटणी अगदी कारखान्यासारखी येते: एकाने चर्मपत्र कापायचं, दुसऱ्याने घासून गुळगुळीत करायचं, तिसऱ्याने ओळी आखायच्या, कुणी शाई आणि लेखण्या बघायच्या, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने ताडून दुरुस्त करायचं, कुणी लाल शाईची अक्षरं भरायची, कुणी फळ्या आणि चामडं घेऊन बांधणी करायची. ग्रंथालयाच्या इतिहासासाठी हा भाग त्या हजार-दोनशेच्या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

आणि कागदाबद्दल तो चुकला, हेही सांगायला हवं. त्याच्या काळचा कागद लिनन कापडाच्या चिंध्यांचा, वरून जनावरी सरसाचा हात दिलेला. पाचशे वर्षांनंतरही ती पानं लवचिक आणि पांढरट आहेत. पिवळा पडून तुकडे होणारा कागद एकोणिसाव्या शतकातला, लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी-राळेमुळे आम्ल झालेला. दोनशे वर्षांचा अंदाज त्या कागदाला लावला तर उलट उदार वाटेल.

त्याच वर्षी, १४९४ मध्ये, बाझेलला योहान आमेरबाखने त्याचा ‘चर्चच्या लेखकांविषयी’ हा ग्रंथ छापला. साडेनऊशेहून जास्त लेखक, हजारो ग्रंथनामं. पाश्चात्त्य ग्रंथसूचीची परंपरा इथून मोजतात. मांडणी कालक्रमाने, सोबत नावांची अकारविल्हे सूची. तीही पाळण्यातल्या नावाने, आडनावाने नव्हे. त्यामुळे लेखक शोधताना हमखास चुकायला होतं. नोंदीत लेखकाची ओळख, ग्रंथाचं नाव, त्याचे भाग किती, आणि पुष्कळदा ग्रंथाचे पहिले काही शब्दही. हे शेवटचं फार कामाचं. मध्ययुगीन ग्रंथांना ठरलेलं नाव नसे, एकच ग्रंथ चार मठांत चार नावांनी असे. सुरुवातीचे शब्द जुळले तरच ग्रंथ तोच, हे ठरवता येतं. वापरताना सावधगिरी दोन बाबतींत: एकाच माणसाच्या दोन नोंदी होऊ शकतात, आणि ज्या ग्रंथाला सुरुवातीचे शब्द दिलेले नाहीत तो त्याने ऐकीव माहितीवरून घेतलेला असू शकतो. शब्द दिले असतील तर पुस्तक त्याच्या किंवा त्याच्या माहीतगाराच्या हातात होतं असं धरायला हरकत नाही.

आता मुख्य विषय, सांकेतिक लेखन. इथे दोन ग्रंथ आहेत आणि त्यांची अदलाबदल नेहमी होते. ‘स्टेगानोग्राफिया’ आधी लिहायला घेतला, १५०० च्या आसपास, अपुरा राहिला, छापला १६०६ मध्ये, फ्रांकफुर्टला. ‘पॉलिग्राफिया’ नंतरचा, १५०८ चा, सम्राट मॅक्सिमिलियनला अर्पण केलेला. पण छापला आधी, १५१८ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. सांकेतिक लेखनावरचं जगातलं पहिलं छापील पुस्तक हेच. सुरुवात करायची ती याच्यापासून, कारण यात भुतं नाहीत.

‘पॉलिग्राफिया’चा बराचसा भाग म्हणजे नुसते शब्दांचे रकाने. पहिल्या भागातच साडेतीनशेहून जास्त रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षरासमोर एक लॅटिन शब्द. पहिल्या रकान्यात ए साठी देउस, बी साठी क्रेआटोर, सी साठी कोन्दितोर. सगळी ईश्वराची नावं. दुसऱ्या रकान्यात ए साठी क्लेमेन्स, बी साठी क्लेमेन्तिस्सिमुस, सी साठी पियुस, सगळी विशेषणं. निरोपाचं पहिलं अक्षर पहिल्या रकान्यातून, दुसरं दुसऱ्यातून, असं घेत जायचं. ‘ए, बी’ लिहायचं तर ‘देउस क्लेमेन्तिस्सिमुस’, परमदयाळू देव. ‘बी, ए’ लिहायचं तर ‘क्रेआटोर क्लेमेन्स’, दयाळू निर्माता. एका रकान्यातले सगळे शब्द एकाच विभक्तीतले आणि एकाच कामाचे, त्यामुळे कुठलाही उचलला तरी वाक्य बसतं आणि तयार होते एक लांबलचक प्रार्थना. साधूच्या पत्रात प्रार्थना असणार नाही तर काय असणार? म्हणून या पद्धतीला ‘आवे मारिया’ (मेरीची प्रसिद्ध प्रार्थना) संकेत म्हणतात.

व्यवहारात हिच्या अडचणी तीन. पहिली, एका अक्षराला एक अख्खा शब्द. शंभर अक्षरांचा निरोप म्हणजे शंभर शब्दांची प्रार्थना. दुसरी, नक्कल करणारा. जुना लेखनिक प्रार्थना उतरवताना ‘क्लेमेन्तिस्सिमुस’ जागी सवयीने ‘क्लेमेन्स’ लिहून टाकतो. अर्थ तोच राहतो, पण बी चा ए होतो. एखादा शब्द गाळला तर आणखी वाईट, कारण त्यापुढचा प्रत्येक शब्द चुकीच्या रकान्यात शोधला जातो. तिसरी अडचण छपाईनेच आणली: रकाने छापील असल्यामुळे ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला निरोप उघडा. गुप्तता वाढवायची तर दोघांनी मिळून रकान्यांचा क्रम बदलून घ्यावा लागतो.

पाचव्या भागात खरा ऐवज आहे: ‘ताबुला रेक्ता’, सरळ तक्ता. २४ ओळी, २४ स्तंभ. पहिल्या ओळीत वर्णमाला जशीच्या तशी, दुसऱ्या ओळीत ती एक घर सरकलेली, तिसऱ्या ओळीत दोन घरं, असं शेवटपर्यंत. त्याच्या वर्णमालेत जे आणि व्ही स्वतंत्र नाहीत. आय आणि यू मध्येच ते धरलेले, आणि डब्ल्यू सगळ्यांत शेवटी, झेडच्याही नंतर. आजची २६ अक्षरांची इंग्रजी वर्णमाला वापरून त्याची उदाहरणं सोडवायला गेलात तर मध्येच गाडी अडते, ती याच कारणाने.

वापर असा. निरोपाचं पहिलं अक्षर पहिल्या ओळीने, दुसरं दुसऱ्या ओळीने, तिसरं तिसऱ्या ओळीने बदलायचं; २४ झाली की पुन्हा पहिल्या ओळीवर. त्याचं स्वतःचं उदाहरण ‘हुन्क कावेतो विरुम’ने सुरू होतं, म्हणजे ‘या माणसापासून सावध राहा’. पहिला शब्द एच, यू, एन, सी. एच शून्य घरं सरकतो, एचच राहतो. यू एक घर सरकून एक्स होतो (मध्ये व्ही नाही, डब्ल्यू नाही, हे विसरू नका). एन दोन घरं सरकून पी. सी तीन घरं सरकून एफ. झालं एच, एक्स, पी, एफ. पुढचा शब्द सी, ए, व्ही, ई, टी, ओ हा चार ते नऊ घरं सरकून जी, एफ, बी, एम, सी, झेड होतो. व्ही म्हणजे यू. तो सहा घरं सरकताना टोक ओलांडून पुन्हा ए वरून मोजला जातो आणि बी वर येतो. शब्द बदलला म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करायची नाही. नवशिका हमखास चुकतो तो इथेच.

याचं महत्त्व कळायला आपल्याकडची महानुभाव पंथाची सकळ लिपी आठवा. तिथे एका अक्षरासाठी एकच ठरलेलं दुसरं अक्षर. पुरेसा मजकूर हाती असेल तर कोणतं चिन्ह किती वेळा येतं हे मोजून असा संकेत फोडता येतो. ट्रिथेमियसच्या तक्त्यात एकच अक्षर जागेनुसार २४ रूपं घेतं आणि मोजणी निरुपयोगी होते. इटलीत आल्बेर्ती या वास्तुविशारदाने त्याआधीच, १४६० च्या दशकात, चकती फिरवून वर्णमाला बदलण्याची युक्ती मांडली होती, पण तो काही शब्दांनंतर बदलायचा. प्रत्येक अक्षराला बदल हा ट्रिथेमियसचा.

मर्यादाही तितकीच मोठी: यात किल्लीच नाही. ओळींचा क्रम ठरलेला, त्यामुळे पद्धत माहीत असणाऱ्याला काही फोडावंच लागत नाही. ही त्रुटी १५५३ मध्ये बेल्लासो या इटालियनाने भरून काढली. ओळी क्रमाने न घेता दोघांनाच माहीत असलेल्या शब्दाच्या अक्षरांप्रमाणे घ्यायच्या, ही त्याची युक्ती. पुढे तीच व्हिजनेर या फ्रेंच लेखकाच्या नावावर जमा झाली. तक्ता मात्र शेवटपर्यंत ट्रिथेमियसचाच राहिला.

उलगडताना काही बिघडलं तर कुठे बघायचं, तेही सांगतो. समजा उतरवणाऱ्याने वरच्या निरोपातला एक्स गाळला. मग पी एका घराने, एफ दोन घरांनी मागे जातो आणि ‘एन, सी’च्या जागी ‘ओ, डी’ येतात; पुढच्या ‘सी, ए’च्या जागी ‘डी, बी’. म्हणजे तिथून पुढचं प्रत्येक अक्षर नेमकं एक घर पुढे गेलेलं. निरोप सुरुवातीला नीट निघाला आणि मध्येच बरळायला लागला, तर बरळलेला भाग एक घर मागे सरकवून बघा. अर्थ लागला तर एक अक्षर गळलंय. पुढे सरकवल्यावर अर्थ लागला तर एक अक्षर जास्तीचं घुसलंय. दोन्ही करून जमलं नाही तरच तक्ता पुन्हा तपासा.

हा तक्ता मराठीत करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. काना-मात्रा तसेच ठेवून फक्त व्यंजनं सरकवली तर शब्दांचा आकार उघडा पडतो. ‘आणि’, ‘आहे’सारखे शब्द लगेच ओळखू येतात. शब्द फोडून वर्ण सुटे लिहावेत, ‘राम’ म्हणजे र्, आ, म्, अ. क ते ळ ३४ व्यंजनं आणि बाराखडीतले १२ मिळून ४६ चिन्हांचा तक्ता करावा. जोडाक्षरात मधला स्वर नसल्याने ती आपोआप नीट सुटतात.

आता ‘स्टेगानोग्राफिया’. बदनामीचं मूळ एका पत्रात आहे. १४९९ मध्ये त्याने गेंटच्या आर्नोल्ड बोस्तियुस या कार्मेलाइट साधूला लिहिलं की मी असा ग्रंथ लिहितोय ज्याने अक्षर न लिहिता, दूत न पाठवता निरोप शेकडो मैल पोचेल. पत्र पोचलं तेव्हा बोस्तियुस वारला होता. ते दुसऱ्यांनीच वाचलं आणि गवगवा झाला. पुढे फ्रेंच विद्वान शार्ल द बोव्हेल श्पोनहाइमला येऊन हस्तलिखित चाळून गेला आणि हा माणूस राक्षसांशी व्यवहार करतो असं त्याने पत्राने कळवलं. त्यानंतर ट्रिथेमियस आयुष्यभर खुलासे करत राहिला.

बोव्हेलने पाहिलं ते दिसायला खरंच भयंकर आहे. प्रत्येक प्रकरणाला एक आत्मा, त्याची दिशा, त्याचे नोकर, आणि त्याला बोलावण्याचा मंत्र. दुसऱ्या भागात दिवस-रात्रीच्या २४ तासांचे २४ आत्मे. पण मंत्र जवळून बघा. पादिएल नावाच्या आत्म्याचा मंत्र सुरू होतो: ‘पादिएल आपोर्सी मेसार्पोन ओमेउआस पेलुदिन माल्प्रेआक्सो’. एक शब्द सोडून एक शब्द घ्या, आणि त्यातलं एक अक्षर सोडून एक अक्षर. पादिएल सोडला. आपोर्सी म्हणजे ए, पी, ओ, आर, एस, वाय. त्यातली दुसरी, चौथी, सहावी अक्षरं पी, आर, वाय. मेसार्पोन सोडला. ओमेउआस मधून एम, यू, एस. पेलुदिन सोडला. माल्प्रेआक्सो मधून ए, पी, ई, एक्स. जोडा: ‘प्रिमुस आपेक्स’, पहिलं टोक. लॅटिनमध्ये वाय आणि आय एकमेकांच्या जागी चालतात. बाकीचा मंत्र म्हणजे प्रत्यक्षात त्या प्रकरणातली पत्रं कशी वाचायची याचा नियम आहे. आत्म्याचं नाव म्हणजे नियमाचं नाव, आणि ‘आत्म्याला योग्य मंत्राने बोलावलं नाही तर तो ऐकत नाही’ म्हणजे नियम माहीत नसेल तर पत्र उलगडणार नाही.

यासाठी फार डोकं चालवायची गरजही नाही. १६०६ च्या आवृत्तीबरोबर पहिल्या दोन भागांची किल्ली, ‘क्लाविस’, छापलेलीच आहे. तरीही १६०९ मध्ये रोमने ग्रंथ निषिद्ध यादीत टाकला आणि तिथे तो जवळजवळ तीनशे वर्षं राहिला. त्याआधी हस्तलिखित रूपात त्याला केवढी मागणी होती याचा पुरावा जॉन डी या इंग्रज गणितीचा: १५६३ मध्ये अँटवर्पला त्याला ते काही दिवसांपुरतं मिळालं आणि रात्रंदिवस बसून दहा दिवसांत त्याने जमेल तेवढं उतरवून काढलं.

तिसऱ्या भागाला किल्ली नव्हती. तिथे ग्रहांचे देवदूत, शनीचा ओरिफिएल, आकड्यांचे तक्ते, आणि २४ तासांत निरोप पोचवण्याचं आश्वासन. पहिले दोन भाग संकेत असले तरी तिसरा खरोखरच जादूचा, असं विसाव्या शतकातल्या चांगल्या चांगल्या अभ्यासकांनीही मानलं. १६७६ मध्ये हायडेल नावाच्या माणसाने तो फोडल्याचा दावा केला, पण आपलं उत्तरही त्याने संकेतातच लिहून ठेवलं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. अखेर १९९० च्या दशकात जर्मन भाषेचे अभ्यासक टॉमस अर्न्स्ट यांनी आणि त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या जिम रीड्स या गणितज्ञांनी तो स्वतंत्रपणे उलगडला. अर्न्स्ट यांचा निबंध १९९६ चा, रीड्स यांचा १९९८ चा. हायडेलचं उत्तरही अर्न्स्ट यांनी सोडवलं, आणि ते बरोबर निघालं!

युक्ती साधी आहे. एका तक्त्यातले सुरुवातीचे आकडे घ्या: ६४४, ६५०, ६२९, ६५०. इथे ६५० म्हणजे ए, आणि तिथून उलटं मोजायचं: ६४९ बी, ६४८ सी, ६४७ डी. ६४४ म्हणजे सहा घरं खाली, जी. ६२९ म्हणजे एकवीस घरं खाली, झेड (या वर्णमालेत के नाही, हे धरून). झालं ‘गाझा’. पुढे ६४५, ६३५, ६४६, ६३६, ६३२, ६४६, ६३९, ६३४: एफ, आर, ई, क्यू, यू, ई, एन, एस, ‘फ्रेक्वेन्स’. ही ‘गाझा फ्रेक्वेन्स लिबिकोस दुक्सित कार्थागो त्रिउम्फोस’ या लॅटिन ओळीची सुरुवात, आणि त्या ओळीत वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर येतं. संकेत शिकवणारा पहिलं उदाहरण म्हणून असंच वाक्य निवडणार. दुसऱ्या एका तक्त्यातून जर्मन वाक्य निघालं: हे पत्र आणणारा लबाड आणि चोर आहे, त्याच्यापासून जपून राहा. तोच विषय, ‘या माणसापासून सावध राहा’. पत्र नेणाऱ्यावर भरवसा नसणं ही त्या काळची रोजची अडचण होती, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच.

आकडे २५-२५ च्या गटांत चालतात, म्हणून एकच अक्षर वेगवेगळ्या गटांतल्या वेगवेगळ्या आकड्यांनी लिहिता येतं. करून बघणार असाल तर प्रत्येक तक्त्याचा आरंभाचा आकडा आधी ठरवा, आणि छापील आकड्यांत चुका आहेत हे गृहीत धरा. एखादं अक्षर बसत नसेल तर सबंध पद्धत टाकून देण्याआधी त्या आकड्याचा शेजारचा आकडा घालून बघा.

म्हणजे जादू अजिबात नाही? असंही म्हणता येत नाही. सम्राटासाठी १५०८ मध्ये लिहिलेल्या ‘दे सेप्तेम सेकुन्देइस’ या छोट्या पुस्तकात सात ग्रहदूत आळीपाळीने जगावर ३५४ वर्षं ४ महिने राज्य करतात. तिथे काही उलगडत नाही. ती त्याची श्रद्धा किंवा राजाची करमणूक समजा. त्याच्या हिशेबाने गाब्रिएलची पाळी १५२५ मध्ये सुरू होते, म्हणून ती १८७९ मध्ये संपते. रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन गूढवाद्याच्या अनुयायांकडून ‘१८७९ पासून मिखाएलचं युग’ असं ऐकायला मिळतं, त्याचा उगम हा गुणाकार आहे. दुसरीकडे हाच माणूस भोंदूंवर तुटून पडतो. २० ऑगस्ट १५०७ च्या पत्रात त्याने गेओर्ग साबेलिकुस उर्फ ‘धाकटा फाउस्टुस’ नावाच्या फिरत्या भविष्यवेत्त्याला बढाईखोर आणि मूर्ख म्हटलंय. सैतानाशी सौदा करणाऱ्या, जर्मन साहित्यातल्या फाउस्टबद्दलचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा. आग्रिप्पा या तरुण जर्मन विद्वानाने १५१० मध्ये गूढविद्येवरचा आपला ग्रंथ त्याच्याकडे पाठवला तेव्हा त्याने कौतुक केलं आणि बजावलं की सामान्यांना सामान्य गोष्टी सांग, गुपितं फक्त जवळच्यांना. बैलाला गवत, पोपटाला साखर.

राहिला इतिहास. हिर्साउ मठाचे त्याचे दोन मोठे वृत्तांत आणि फ्रँक या जुन्या जर्मन टोळ्यांच्या उगमावरचं १५१५ चं पुस्तक. इथे त्याचे दोन मुख्य साक्षीदार आहेत: फुल्डाचा साधू मेगिनफ्रिड, आणि फ्रँकांना थेट ग्रीक पुराणकथांतल्या ट्रॉय नगरीपर्यंत नेऊन पोचवणारा हुनिबाल्ड. या दोघांचं लेखन त्याच्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही. मॅक्सिमिलियनला आपल्या घराण्याची ट्रॉयपर्यंतची वंशावळ हवीच होती. त्याने हुनिबाल्डची पोथी मागवली. ती श्पोनहाइमला राहिली, असं उत्तर मिळालं. तिथे शोधली, सापडली नाही. आज दोघेही बनावट मानले जातात. त्याच्या वृत्तांतांतला मजकूर कामाचा ठरतो तो फक्त त्याच्या हयातीतल्या घटनांचा आणि जिथे दुसरा कागद त्याला पुष्टी देतो तिथे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मठांच्या कारभाराबद्दल तो चांगला साक्षीदार आहे. नवव्या-दहाव्या शतकातल्या फुल्डाच्या शिक्षकांबद्दल नाही. जुन्या संदर्भग्रंथांत ‘मेगिनफ्रिडच्या म्हणण्याप्रमाणे’ असं दिसलं की ती ओळ थेट ट्रिथेमियसकडून आलीय असं समजा.

वाचायचा क्रम सांगायचा तर आधी ‘पॉलिग्राफिया’चा पाचवा भाग, तक्ता हाताने काढा, छापील वापरू नका, कारण सरकण्याची चाल काढतानाच डोक्यात बसते. मग ‘स्टेगानोग्राफिया’चा पहिला भाग, शेजारी ‘क्लाविस’ उघडी ठेवून. मग रीड्स यांचा निबंध आणि तिसऱ्या भागातले आकडे. ‘लेखनिकांची स्तुती’ छोटी आहे, कधीही वाचा. लेखकांची सूची सलग वाचायची नसते; ओळखीचा एखादा लेखक काढून त्याच्या नोंदीतले सुरुवातीचे शब्द आधुनिक आवृत्तीशी ताडून पाहा, म्हणजे तिची पातळी कळेल. हिर्साउचे वृत्तांत सगळ्यांत शेवटी, आणि तेही एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखून: एका बाजूला तो ज्याचं नाव घेतो तो आधार, दुसऱ्या बाजूला तो आधार आज कुठल्या ग्रंथालयात आहे ते ठिकाण. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील, ती माहिती आपल्या लेखात घेऊ नका.